मुकादमाची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. दाराजवळच्या खुंटीवर काळ्या दोरीला लटकलेली असते. वरवर पाहता मी शांत दिसते, पण खरे सांगायचे तर मी अजून सावरलेली नाही. तो दिवस आठवला की माझ्या पोटातली बुचाची गोळी जागच्या जागी थिजते. काय घडले ते सांगतेच. पण आधी मी कोण ते सांगायला हवे, नाहीतर मला एवढा धक्का का बसला हे तुम्हाला कळणार नाही.

एका लांबट, धुरकट कारखान्यात माझा जन्म झाला. पितळेच्या पत्र्यातून माझे अंग कापले, साच्यात दाबून वाकवले, कडा झाळून जोडल्या आणि पोटात बुचाची छोटी गोळी टाकली. फुंकर आत शिरली की ही गोळी गरगर फिरते. म्हणून माझा आवाज सरळ न येता थरथरत येतो आणि लांबवर ऐकू जातो. कारखान्यातल्या शेवटच्या मेजावर एक मावशी बसत. प्रत्येक शिट्टी त्या हवेच्या नळीवर वाजवून बघत आणि मुकाट्याने डाव्या किंवा उजव्या खोक्यात टाकत. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही तर मेलेल्याला उठवील गं." झाले! त्या एका वाक्याने मी जी फुगले, ती कित्येक वर्षे फुगलेलीच राहिले.

डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाच्या दुकानात, दोर आणि बूट यांच्यामध्ये, मी काही दिवस टांगलेली होते. तिथून मला ताईने घेतले. ताई रुग्णालयात लोकांचे कान तपासते. तिची खोली जाड गादीच्या भिंतींची आहे. आत बसलेल्या माणसाच्या कानांवर ती यंत्र चढवते, बारीकसे आवाज ऐकवते, आणि आवाज ऐकू आला की त्याने हात वर करायचा असतो. हे काम करून करून ताईचे बोलणेही मोजके झाले होते. तिच्या शेजारी उभे राहिले की आपणही हळू बोलावे असे वाटायचे.

मला घेतले त्याच आठवड्यात तिने एक पिल्लू आणले होते. तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. घराच्या अरुंद व्हरांड्यात त्याचे शिक्षण सुरू झाले. ताई एका टोकाला उभी राही, कोपर वर उचलून मला ओठांशी नेई आणि एक लांब फुंकर मारी. पिल्लू धडपडत, घसरत, पायपुसण्यासकट तिच्यापर्यंत येई आणि बिस्किटाचा तुकडा मिळवी. थोड्याच दिवसांत बिस्कीट लागेनासे झाले. मी वाजले की ते येई, मग खाणे अर्धवट असो नाहीतर झोप.

पुढे सुट्टी मिळाली की आम्ही डोंगरावर. ताई, तिचा धाकटा भाऊ, कुत्रा आणि ताईच्या गळ्यात मी. धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर लोकांना बसल्या जागी वर नेतो, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः घाम गाळत चढतो, म्हणून ताई त्याला हसायची. चढणीवर कुत्रा सगळ्यांच्या पुढे जाई, मग मागे येई, दोघांना हुंगून मोजून घेई आणि पुन्हा पुढे. धाकटा म्हणाला, हा कामावरच्या मुकादमासारखा हजेरी घेतो. तेच नाव पडले, मुकादम.

आमचा एक रिवाज होता. माथ्यावर पोचले की ताई मागे वळून मला वाजवी. मुकादम जिथे असेल तिथून धावत येई, आणि तो आल्याशिवाय डबा उघडायचा नाही. दुसरे चढणारे थांबून बघत आणि शिट्टी असावी तर अशी, असे म्हणत. मी दरवेळी थोडी जास्त चकाकत असे. किती शिखरे झाली असतील! मुकादमाच्या तोंडावर पांढरे केस आले, माझे पितळ बोटांनी झिजून पिवळे-गुलाबी झाले, तरी आमचा करार मोडला नव्हता.

उलट तो जास्त शहाणा झाला, असेच सगळे म्हणत. दाराची घंटा वाजली की पूर्वी घर डोक्यावर घेणारा मुकादम आता स्वस्थ पडून राही. एकदा वाटेवरच्या निवाऱ्यात असताना वीज कडाडली. पूर्वी हाच ताईच्या पायांत शिरून थरथरायचा. या वेळी तो ढिम्म झोपून राहिला. भीती मोडली म्हणून धाकट्याने त्याची पाठ थोपटली. चढताना तो दर वळणावर थांबून मागे बघू लागला होता. धाकटा म्हणाला, "कुत्रा कसला, नवा जावई आहे हा. सासरचे मागून येताहेत ना, बघत बघत चालतो." ताई खळखळून हसली होती. मीही तिच्या छातीवर डुलले होते.

आणि मग तो दिवस आला.

माथा रुंद होता, पण एका बाजूला सरळ तुटलेला कडा. आम्ही वर पोचलो आणि बघता बघता धुके चढले. धाकटा बुटाची नाडी बांधायला वाकला होता. मुकादम समोरच्या खडकाआड गेला होता. ताईने नेहमीप्रमाणे कोपर उचलला आणि मला वाजवले.

कोणी आले नाही.

मित्रांनो, असे आधी कधीच झाले नव्हते. मला वाटले, फुंकर ओली झाली असेल, गोळी अडकली असेल. ताईने मला झटकले आणि पुन्हा वाजवले. आवाज स्वच्छ होता. समोरच्या डोंगरावर आपटून तो परत आला, पण मुकादम आला नाही. तिसऱ्या वेळी ताईचे ओठ गार पडले होते. दोघे एकमेकांकडे बघेनात. धाकट्याने कड्याच्या दिशेने एक पाऊल टाकले आणि तो थांबला. मुकादम हाकेला आला नाही याचा अर्थ एकच, असे त्या दोघांना वाटत होते. मलाही तसेच वाटत होते. तो जिवंत असता तर आला असता.

एवढ्यात धुके फाटले. मुकादम समोरच होता, हाकेच्या अंतरात. आमच्याकडे पाठ करून, कड्याच्या कडेशी तो स्वस्थ बसला होता आणि नाक वर करून वारा हुंगत होता. ताईने मला पुन्हा वाजवले, तिच्या छातीत होता नव्हता तेवढ्या सगळ्या श्वासाने.

त्याचा कानसुद्धा हलला नाही.

धाकटा पुटपुटला, "हट्टीपणा करतोय." ताईने मला ओठांपासून खाली घेतले. तिच्या मुठीत मला तिची नाडी लागत होती. मग ती अगदी हळू म्हणाली, "छोट्या, त्याला ऐकू येत नाहीये."

"काहीतरीच काय. आत्ता खाली तर आला होता शिट्टीला."

"तेव्हा मी त्याच्यासमोर उभी होते. त्याने माझा कोपर बघितला." तिने माझी दोरी बोटांना गुंडाळली. "रोज मुलांना यंत्राकडे पाठ करून बसवते मी. माझा खांदा हलला की न ऐकताच हात वर करतात ना, म्हणून. आणि याला मी एकदाही पाठ करून बसवलं नाही."

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. पण माझे काय? मला तर काही सुचेनासे झाले. दर वळणावर मागे बघणारा मुकादम प्रेमाने बघत नव्हता असे मी म्हणत नाही. पण तो आम्हाला डोळ्यांनी शोधत होता, कारण शोधायला त्याच्याकडे दुसरे काही उरले नव्हते.

तेवढ्यात तो उठला. त्याने मागे पाहिले, पण आमच्यामध्ये पुन्हा धुके आले होते; मागच्या उजेडावर त्याची नुसती सावली आम्हाला दिसत होती. आम्ही दिसलो नाही तसा तो घाबरला आणि कड्याच्या कडेकडेने चालू लागला. त्याच्या पायाखालचे खडे खाली गेले, ते पडल्याचा आवाज आलाच नाही. धाकटा धावणार होता. ताईने त्याचा दंड धरला. मागून अचानक हात पडला तर तो दचकून पुढेच उडी मारेल, एवढेच ती म्हणाली.

मग तिने धुके कोणत्या बाजूने सरकते आहे ते पाहिले. ती वाकून, जमीन हादरू नये म्हणून पाय हलके टाकत, मोठा वळसा घालून वारा जिकडून येत होता तिकडे गेली. डोक्याची घामेजलेली टोपी काढून तिने हातात वर धरली आणि ती निश्चल उभी राहिली. मुकादमाचा एक पाय कड्यावरच्या सुट्या दगडावर होता. वाऱ्याचा एक झोत आला. त्याचे नाक हलले. तो थांबला, वळला, आणि धुक्यातून सरळ ताईच्या गुडघ्यावर येऊन आदळला. ताई खालीच बसली. त्या दिवशी डबा कोणालाच उघडावासा वाटला नाही.

खाली उतरण्याआधी ताईने त्याच्या मागे बसून, कानाजवळ धरून मला वाजवले. धाकट्याने कान झाकले. मुकादम समोरच्या गवतावर बसलेली माशी बघत राहिला.

जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला तपासले. "निदान दोन वर्षं तरी काही ऐकू येत नसणार," ते म्हणाले. "हळूहळू गेलं, म्हणून तोही निभावून न्यायला शिकला आणि तुम्हालाही कळलं नाही." दोन वर्षे! मग दोन वर्षे मी कोणाला हाक मारत होते? लोक कोणाचे कौतुक करत होते? मेलेल्याला उठवणारी मी, आणि ताईच्या पायाशी बसलेल्या जिवंत जिवापर्यंत मी पोचत नव्हते.

धाकट्याचे म्हणणे पडले की आता मुकादमाला घरीच ठेवावे. ताई म्हणाली, "कान गेलेत. पाय नाही गेले." आता तिच्या कमरेला एक लांब दोर असतो आणि त्याचे दुसरे टोक मुकादमाच्या छातीच्या पट्ट्याला. पूर्वी तो पुढे आणि ती मागे चाले. आता ती पुढे चालते आणि दर वळणावर तीच मागे वळून बघते. हाताच्या खुणा तो पटापट शिकला. मी मात्र खुंटीवर राहिले. माझ्यावर धूळ बसली. मला त्याचे फारसे वाईट वाटले नाही, कारण मी सुन्नच होते.

मग एकदा, धाकटा वाट चुकला तर असावी म्हणून, ताईने मला पुन्हा गळ्यात घातले. माथ्यावर पोचल्यावर मुकादम तिच्या मांडीवर डोके ठेवून पडला. ताईला काय वाटले कोण जाणे, तिने माझी आवाज निघायची फट त्याच्या नाकाजवळ नेली आणि दुसऱ्या बाजूने अगदी हलकी फुंकर घातली. इतकी हलकी, की माझी गोळी फिरलीसुद्धा नाही. मी वाजलेच नाही. तिचा श्वास फक्त माझ्या पोटातून पलीकडे गेला.

मुकादमाची शेपटी जमिनीवर आपटू लागली. थांबेचना. तिच्या श्वासाचा वास त्याला लागला होता; न वाजताच मी पोचले होते. मित्रांनो, मला दुसरा धक्का बसला तो तेव्हा.

शिट्टी कशीही वाजतेच, आणि वाजवणाऱ्याला वाटते की हाक पोचली. तुमच्याही घरात कोणी म्हातारे कुत्रे असेल, आजोबा असतील, तुम्ही काही म्हटले की लगेच मान डोलावणारे. एकदा त्यांच्या पाठीमागे उभे राहून हळू हाक मारून बघा. ते वळले नाहीत तर रागावू नका, आवाजही चढवू नका. वळसा घालून त्यांच्या समोर जा.