दोराला हात लावायचा नाही

माझा बाप हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको, की एवढ्याशा गोष्टीवरून ही बाई किती चिडते! हिल्मार त्यांचं नाव, वय एकोणऐंशी. आमच्या ग्रोसोया बेटावर कुणालाही विचारा. माणूस सोन्यासारखा आहे, पण... असं म्हणतील आणि त्या 'पण'च्या पुढे अर्धा तास बोलत राहतील.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या उजव्या डोळ्याने संप पुकारला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की आता बोट चालवणं बंद. बोट म्हणजे आमची 'ओड्नी', छत्तीस फुटांची, लाकडी, मासेमारीची. ओड्नी हे माझ्या आईचं नाव. आईला जाऊन सहा वर्षं झाली, पण बोटीतल्या स्वयंपाकाच्या कोपऱ्यात तिने स्वतः रंगवलेली निळी कपाटं अजून तशीच आहेत. एका कपाटाला तिच्या अंगठ्याचा ठसा आहे. रंग ओला असताना बाबांनी हाक मारली होती म्हणे, त्याचा तो पुरावा.

ही बोट माझा चुलतभाऊ स्टाइनारला हवी होती. तो जर्मन पाहुण्यांना मासे धरायला नेणार, आतलं सगळं उखडून सहाजणांची झोपायची सोय करणार आणि कपाटांच्या जागी हा एवढा मोठा फ्रीझर बसवणार. चौकटीच्या कागदावर त्याने नकाशासुद्धा काढला होता. स्टाइनार वाईट नाही हो, हीच तर पंचाईत! वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी बाबांना म्हटलं, "बोट मला द्या."

"तुला बोट येते, ते ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले. "पण एका माणसाच्या भरवशावर बोट राहत नाही. तुझा नवरा जंगलातला."

तेही खरंच. माझा नवरा एमब्रिक ट्यून्सेतचा. तिथे पाणी एक तर नदीत नाही तर किटलीत. लाकूडतोडीच्या कामावर मुकादम आहे, बोलतो कमी, घाई म्हणून करत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा बोटीवर आला तेव्हा त्याने धक्क्याला असा काही दणका दिला होता, की बाबांनी वर्षभर त्याला 'करवत' म्हणून हाक मारली.

मग बाबांनी अट घातली. बोट तेव्हा इंजिनाच्या कामासाठी खाली दक्षिणेला, रोर्विक बंदरात होती. "तिथून ती घरी आणायची. पोरांसकट. प्रत्येक धक्क्याला लावताना सुकाणू एमब्रिकच्या हातात. आणि बोट बांधायचा दोर घरच्यांनीच सांभाळायचा, धक्क्यावरच्या कुणी दोराला हात लावायचा नाही. जमलं तर बोट तुमची. एकदा जरी परक्याचा हात लागला, तर स्टाइनारची."

ऐकायला साधं वाटतं, नाही? पण आमच्या किनाऱ्यावर बोट आली की जो कुणी धक्क्यावर असेल तो दोर घेतो. विचारत नाही, हात आपोआप पुढे होतात. वीस वर्षं एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन भाऊ आहेत आमच्याकडे, तेही एकमेकांचे दोर घेतात आणि मग तोंड फिरवून निघून जातात. बाबांची अट म्हणजे शिंक आली तरी शिंकायचं नाही, अशातली गत.

जुलैच्या एका मंगळवारी आम्ही रोर्विकहून निघालो. सिग्ने आठ वर्षांची, ऐलिफ चार वर्षांचा. सिग्नेकडे पुढच्या दोराचं काम. ती पट्ट्याने कठड्याला बांधलेली आणि रागाच्या बाबतीत थेट आजोबांवर गेलेली. मागचा दोर माझ्याकडे. ऐलिफचं काम म्हणजे लाइफ जॅकेट घालून बसून राहायचं, आणि ते त्याने पाच दिवसांत एकदाही केलं नाही.

पहिला मुक्काम लेका बेटावर. धक्क्यावर एक म्हातारी उभी, दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले.

"मी हात लावणार नाही बरं का!" ती लांबूनच ओरडली. "हिल्मारचा फोन आला होता!"

बाबांनी किनाऱ्यावरच्या एकूण एक बंदराला फोन केले होते! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात एमब्रिकने बोट धक्क्यावर अशी आदळली, की कॉफी भिंतीवर आणि तपकिरी चीजचा ठोकळा माझ्या बुटात. ऐलिफ टाळ्या पिटत म्हणाला, "पुन्हा आदळ ना पप्पा!"

"नको रे, बाळा," म्हातारीच म्हणाली. "धक्का जुना आहे."

दुसऱ्या दिवशी ब्रोन्नोयसुंद. तिथे आरशासारख्या लखलखीत बोटी रांगेने लागलेल्या आणि प्रत्येकीचा मालक आपल्या बोटीपुढे ढालीसारखा उभा. एमब्रिकने तीनदा प्रयत्न केला, तीनदा माघार घेतली. चौथ्या वेळेला पांढरी पँट घातलेला एक ओस्लोचा गृहस्थ मदतीच्या आनंदात पळत आला आणि त्याने सिग्नेच्या दोराकडे हात पसरले.

"हात लावू नका!" अख्खं बंदर एका आवाजात ओरडलं.

बिचारा जागच्या जागी थिजला. हात वर करून मागे मागे सरकत तो हळूच म्हणाला, "रोगबीग आहे का काही?"

"आहे," मी म्हटलं. "वडिलांकडून आलाय."

त्या रात्री मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुझ्यापेक्षा लाकडाचा ओंडका बरा, निदान स्वतःहून किनाऱ्याला तरी लागतो." एमब्रिकने ऐकून घेतलं, बटाटे सोलून संपवले आणि म्हणाला, "उद्या कुठल्या बंदरात जायचं नाही. एखादा रिकामा धक्का दाखव मला."

वेगा नावाच्या बेटापलीकडे एका ओसाड बेटावर माशांच्या जुन्या गोदामाचा धक्का आहे. तिथे कोणी नसतं, समुद्रपक्षी सोडून. सकाळपासून एमब्रिक बोट लावत होता आणि काढत होता. दहा वेळा, पंधरा वेळा. मी मागून सूचना देत होते.

"इंगुन, ओरडू नकोस," तो म्हणाला.

"मी ओरडत नाहीये!" मी ओरडले. गोदामाच्या छपरावरचे सगळे पक्षी उडाले.

"आई ओरडली की पक्षी उडतात," ऐलिफने वहीत नोंद करावी तसं सांगितलं. मग तो इंजिनाच्या झाकणावर बसून प्रत्येक वेळी 'लागली' किंवा 'आदळली' असा निकाल द्यायला लागला. दुपारपर्यंत 'आदळली' कमी होत गेलं आणि त्याला कंटाळा यायला लागला. सिग्ने तर दोराचा फास फेकून फेकून रडकुंडीला आली, पण सोडेना. धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्यावर तिचा फास पाचातून तीनदा बसायला लागला, मग चारदा. संध्याकाळी एमब्रिक बोट अशी अलगद लावून मोकळा झाला, की मी हातातल्या कपाकडे बघत बसले. कॉफी हललीसुद्धा नव्हती. मी त्याला घट्ट मिठी मारली आणि ओंडक्याबद्दल माफी मागितली.

"ओंडक्याचं मला वाईट नाही वाटलं," तो म्हणाला. "चांगला ओंडका असतो कधीकधी."

शनिवारी दुपारी ग्रोसोया दिसायला लागलं. शुक्रवारच्या दोन थांब्यांना कुणाचा हात लागला नव्हता. आता एकच धक्का उरला होता आणि वारा नेमका जमिनीकडून सुटलेला, म्हणजे बोटीला धक्क्यापासून दूर ढकलणारा.

धक्क्यावर अख्खं बेट लोटलं होतं. बायकांच्या मंडळाने वॅफलचं टेबल मांडलं होतं, जसं काही लग्नच आहे. आणि सगळ्यांचे हात बंदोबस्तात! कुणाचे खिशात, कुणाचे काखेत. शाळेच्या मास्तरीणबाई बाकावर चक्क स्वतःच्या हातांवर बसल्या होत्या. स्टाइनार एका बाजूला, चौकटीचा कागद खिशातून डोकावतोय. आणि अगदी कडेला, खुंट्याजवळ, बाबा. हात पाठीमागे.

पहिल्या फेरीला वाऱ्याने बोट फेकली. एमब्रिकने जबरदस्ती केली नाही, वळून परत बाहेर गेला. धक्क्यावर "अरेरे" झालं. दुसऱ्या फेरीला तो आला तो इतका सावकाश, की तेवढ्यात एका बाईने वॅफल भाजून त्यावर जॅमही लावला. पुढचं टोक धक्क्याशी आलं. सिग्नेने फास फेकला. पाण्यात! तिने दात ओठ खात तो भराभरा ओढून घेतला. बोट आता दूर सरकायला लागली होती, एक हात, दोन हात. सिग्नेने पुन्हा फेकला.

तो फास खुंट्यावरच पडत होता. मी पाहिलंय. बेटावरचे अर्धे लोक आजही म्हणतात, पाण्यात पडला असता, पण त्यांना काय कळतंय! तो थेट खुंट्याकडे चालला होता, आणि मध्येच बाबांचे दोन्ही हात वर गेले आणि त्यांनी तो झेलला.



"काका," स्टाइनार हळूच म्हणाला, "तुमच्या हातात काय आहे?"

बाबांनी खाली पाहिलं. दुसऱ्याच कुणाचे हात पाहावेत, तसं पाहिलं.

"आजोबा, सोडा!" सिग्ने किंचाळली. "खुंट्यावरच पडत होता तो! सोडा म्हणते ना!"

"सोडू? डोकं फिरलंय का तुझं? वारा बघ केवढा! पोरं आहेत बोटीवर!"

"ते पोर मीच आहे!"

पण बाबा काही दोर सोडेनात. पाय रोवून उभे राहिले. वाऱ्यात मुलं असलेल्या बोटीचा दोर हातातून सोडणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचाय.

"म्हणजे अट मोडली," स्टाइनार आपल्या बुटांकडे बघत म्हणाला. त्याला काही ते बोलायची हौस नव्हती, दिसत होतं.

"कशी मोडली?" मास्तरीणबाई बाकावरून म्हणाल्या. "परक्याचा हात नको, अशी अट होती ना? हिल्मार परका आहे का?"

"असं असेल तर मीही परका नाही," स्टाइनार उसळून म्हणाला. "सख्ख्या भावाचा मुलगा आहे मी!"

"मग शुंभासारखा उभा काय राहिलास!" बाबा गरजले. "मागची बाजू चालली वाऱ्यावर! घे की दोर!"

मी मागचा दोर फेकला. विचार करून नाही, हातातून सुटला. स्टाइनारने झेलला आणि खुंट्याला दोन वेढे देऊन मोकळा झाला. मग त्याच्या लक्षात आलं.

"च्यायला," तो म्हणाला, आणि सगळा धक्का हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

मी मात्र हसले नाही. पाच दिवस पोटात धरलेला राग अजून तिथेच होता. बोटीत सगळ्यांना कॉफी ओतली, स्टाइनारलासुद्धा, आणि बाबांसमोर उभी राहिले. "आता सांगा. बोट कुणाची?"

ऐलिफ बाबांच्या मांडीवर बसून त्यांच्या शर्टाचं बटण पिरगाळत होता. बाबांनी ते बटण त्याच्या बोटांतून सोडवलं.

"मला वाटलं होतं, तुम्हाला जमणार नाही," ते म्हणाले. "आणि मग स्टाइनारलाही काहीतरी खुसपट काढून नाही म्हणणार होतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? माझीच राहिली असती." बाबांनी निळ्या कपाटांकडे पाहिलं. "बंदरात नुसती उभी राहिली असती. पण असती."

स्टाइनारने कप खाली ठेवला. "काका! मी सहा खाटांचं लाकूड विकत घेऊन बसलोय!"

"चांगलंच केलंस. तुझ्या घराची ओसरी पार कुजलीय."

मला ओरडायचं होतं. त्या फोनांबद्दल, सिग्नेच्या सोलवटलेल्या तळहातांबद्दल, सगळ्याबद्दल. तोंड उघडलं आणि रडूच आलं. बाबा किती एकटे पडलेत, हे मला त्या एका वाक्याने कळलं, आणि आधी कळलं नाही याची लाज वाटली. बोट कुणाची, ते मात्र त्या दिवशी ठरलं नाहीच. बाबा उठून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळेला ते पिशवी घेऊन हजर. कुणी बोलावलं नव्हतं. "पोरांना उत्तरेचं काहीच दाखवलं नाहीत तुम्ही. चला," म्हणाले, आणि सरळ सुकाणूपाशी जाऊन उभे राहिले. पन्नास वर्षांची सवय. हात चाकावर ठेवला. एमब्रिक मागे उभा होता. 

मग बाबांनी हात काढला. बाजूच्या बाकावर, जिथे आई विणकाम घेऊन बसायची, तिथे जाऊन बसले आणि ऐलिफला मांडीवर घेतलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ते एमब्रिकला म्हणाले. "ने. मी इथून काहीसुद्धा बोलणार नाही."

बंदराबाहेर पडेपर्यंत ते अखंड बोलत होते. डावीकडे घे, फार डावीकडे नको, तो खडक बघ, दिसला का, दिसला असेल तर बोल की, इंजिन एवढं कशाला तापवतोस. मी एमब्रिकच्या मानेकडे बघत होते. ती हळूहळू लाल होत गेली.

"हिल्मार," लग्नाला दहा वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच एमब्रिक त्यांना म्हणाला, "गप्प बसा."

 बाबांना 'गप्प बसा' आजवर कुणी म्हटलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. मी स्फोटाची वाट बघत राहिले.

बाबा गप्प बसले. समोरच्या पाण्याकडे बघत चांगली दोन मिनिटं गप्प बसले. मग मांडीवरच्या ऐलिफला म्हणाले, "ऐकलंस ना? बोटीवर कप्तान सांगेल तसं वागायचं."