चढावर उतरणारा काटा

इंजिनाची उष्णता दाखवणारा काटा पुन्हा खाली आला होता. धुरकट काचेमागचा, गवताच्या काडीएवढा... आणि लॉरी तर म्हसळ्यापुढचा चढ चढत होती, इंजिन कण्हत होतं, पायाखालचा पत्रा चपलेतून चटके देत होता. अशा वेळी उष्णता वाढायची, की उतरायची? महादेवाने काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि होता तिथेच राहिला.

ही जुनी डिझेल लॉरी गेल्या वर्षी, अडतीस साली, त्याने मुंबईच्या लिलावात घेतली होती. तेव्हापासून दिघीच्या वाडीतल्या नारळी-पोफळींकडे त्याचं लक्ष नव्हतं. माल माणगावला पोचवायचा तोही स्वतः लॉरी चालवून. काट्याचं हे वेड मात्र अलीकडचं. काट्यापासून इंजिनापर्यंत गेलेली तांब्याची बारीक नळी कुठेतरी चेपली असावी, असं त्याने ठरवलं होतं, ती बोटाने चाचपून झाली होती... नळी धड होती. मग?

शेजारी त्याची बायको, पद्मा, बसली होती. माणगावहून ती उतारूंच्या सर्व्हिस मोटारीने पेणला, भावाकडे जाणार होती – चार दिवस, असं म्हणाली होती. पण काल ट्रंक भरताना तिने दुलई घातलेली त्याने पाहिली होती. चार दिवसांसाठी, तीही ऐन चैत्रात, दुलई! विचारावं असं वाटलं होतं – नाही, तसंही वाटलं नव्हतं. तो सरळ पडवीतून उतरून लॉरीकडे गेला होता, हातात पाना घेऊन.

चढ संपला. उतार लागला, आणि काटा भर्रकन वर.

"उलटंच वागतो हा," तो स्वतःशी पुटपुटला.

"चढावर पडतो, उतारावर चढतो," पद्मा म्हणाली. "कळशी अर्धी असली की पाणी असंच मागे-पुढे जातं."

त्याने करकचून ब्रेक दाबला. मागे नारळांवर बसलेला धर्मा क्लीनर ओरडत खाली उतरला.

"धर्मा, पाणी भरलं होतंस?"

"व्हय तर! सकालीच भरलं, काठोकाठ."

रेडिएटरचं टोपण लगेच उघडण्यात अर्थ नव्हता, वाफेने हात भाजला असता. तिघं आंब्याच्या सावलीत थांबली. महादेवाच्या डोक्यात मात्र सगळं भराभर जुळत होतं – नळीचं टोक इंजिनाच्या पुढच्या अंगाला, वरती. पाणी कमी असेल तर चढावर ते मागे सरणार, टोक कोरडं पडणार, आणि काटा सांगणार, थंड आहे, सगळं थंड आहे... इंजिन आतून जळत असतानासुद्धा. म्हणजे काटा खोटा नव्हताच! त्याला जे शिवत होतं तेवढंच तो सांगत होता. आणखी एक असा चढ, आणि इंजिन कायमचं गेलं असतं.

बऱ्याच वेळाने धर्माने ओलं गोणपाट धरून टोपण फिरवलं. आत पाणी दिसेना. गाडीखाली शिरून त्याने खालच्या रबरी नळीला हात लावला, बोटं ओली झाली.

"हितं चीर हाय. इंजिन चालू आसलं का गलतंय, बंद केलं का न्हाय."

सायकलच्या ट्यूबची पट्टी तो नळीवर आवळून बांधू लागला. लॉरीत ठेवलेल्या डब्यातलं पाणी महादेव बेताबेताने ओतत होता. पद्मा डब्याला खालून हात देऊन उभी होती.

"तू कधीपासून बघतेस हा काटा?"

"माघात हरिहरेश्वरला नेलंत ना, तेव्हापासून. तुम्ही वाटभर त्याच्याकडेच बघत होतात. म्हटलं, काय आहे ते आपणही बघावं."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

हे ती रागाने म्हणाली नाही. हिशेब सांगावा तसं म्हणाली. पदराला हात पुसून ती लॉरीत जाऊन बसली.

इंजिन सुरू झालं. महादेवाने स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवले, पण गाडी हलवली नाही. हिला आणखी काय काय दिसलं असेल... वाडीत, घरात, माझ्यात? इतके दिवस शेजारी बसून ती काय जुळवत होती, आणि त्यातलं काय काय तिने जुळवून संपवलं? काट्याचं कोडं सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्याच्या जागी छातीत काहीतरी जागं झालं होतं – नवं यंत्र पहिल्यांदा उघडताना व्हायचं तसलंच, फक्त या वेळी त्यात भीतीही होती. माणगाव आता लांब नव्हतं, आणि ट्रंकेत दुलई होती. कुठून सुरुवात करायची असते अशा विचारण्याला, ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि ठाऊक नाही, हे त्याला आयुष्यात प्रथमच इतकं हवंहवंसं वाटत होतं.