सातव्या खांबापर्यंत

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं बायको लग्नापासून म्हणते. यंदा मुलीने स्वतःच्या पॉलिहाऊसमध्ये पहिल्यांदाच लाल ढोबळी मिरची लावली आणि मला बजावलं, "बाबा, फुलं लागताहेत. पंधरा दिवस आत यायचं नाही. तुमच्या शेडनेटमध्ये फुलकिडे आहेत."

तीस वर्षं मिरची पिकवणाऱ्या माणसाला आत यायचं नाही! माझ्याकडे थोडे फुलकिडे असतात, मान्य. पण ते काय माझं बोट धरून येणार होते?

मला काही स्वस्थ बसवेना. ताटावर बसलं तरी जीव तिकडेच. पोरगी इकडेतिकडे गेली की मी माझ्या शेडनेटमधून निघून तडक तिच्या पॉलिहाऊसमध्ये. मधल्या ओळीतून सातव्या खांबापर्यंत जायचो, कारण तिथून सगळं दिसतं. फुलं मोजायची, परत यायचं. दारं दोन्ही नीट लावायचो, मी काय अडाणी आहे? दिवसातून चार फेऱ्या तरी व्हायच्याच.

नवव्या दिवशी तिने बोलावलं. मधल्या ओळीतली पानं वर वळून होडीसारखी झाली होती, फुलकिड्यांनी रस शोषला की होतात तशी. सातव्या खांबाच्या पुढची रोपं मात्र ठणठणीत.

"कोण आलं होतं आत?"

चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "वाऱ्याने आले असतील."

"वारा सातव्या खांबापाशी दम खायला थांबला वाटतं?"

मग तिची नजर माझ्या शर्टावर गेली. निळा शर्ट. फुलकिडे निळ्या रंगावर धावतात, म्हणून त्यांचे चिकट सापळे निळे असतात. हे तिला मीच शिकवलेलं. तिने माझ्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. तीन बारीक पिवळे किडे चालत होते.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"शर्ट बदलून येतो. कीड लागलेली रोपं उपटायला मदत करतो."

"नको बाबा. तुम्ही फक्त बाहेर बसा." ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मी दाराबाहेर पालथ्या क्रेटवर बसलो. आत ती फुलांसकट एकेक रोप उपटून पिशवीत भरत होती. माझे हात नुसते शिवशिवत होते. दोनदा उठलो, दोनदा परत बसलो.

ऊन उतरल्यावर आतून आवाज आला, "बाबा, आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "बसलोय."