चेहरा दिसत असेल तर सही

मुकादमाने बारकीचा हात मनगटाशी धरला आणि तळवा गरम रोलरवर टेकवला. मग तो पाचपर्यंत आकडे म्हणाला. घाईने नाही. वर्गात मास्तर म्हणतात तसे, प्रत्येक आकड्याला त्याचा वेळ देऊन.

बारकीने चादर दोनदा वाकडी घातली होती, एवढंच तिचं चुकलं होतं. धुलाईच्या त्या कारखान्यात इस्पितळांच्या चादरी येत. धुऊन पिळलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरून रोलरच्या तोंडाशी द्यायची आणि पलीकडून ती वाळून, इस्त्री होऊन बाहेर यायची. रोलरच्या पुढ्यात एक पट्टी होती. तिला हात लागला की यंत्र थांबावं अशी सोय होती. वारंवार यंत्र थांबतं म्हणून मुकादमाने ती पट्टी चिंधीने बांधून टाकली होती.

"हात लांब ठेवतेस म्हणून वाकडी जाते," तो बारकीला म्हणाला होता. "भीती मोडली पाहिजे तुझी." आणि त्याने ती मोडायला घेतली.

धाकटी चार पावलांवर उभी होती. ती मुकादमाची सख्खी धाकटी बहीण, म्हणून सगळा कारखाना तिला धाकटीच म्हणे. तिच्या हातात पुठ्ठ्याचा कॅमेरा होता आणि तो डोळ्याला लागलेला होता. चादरींवरून उठणारी वाफ तिला टिपायची होती. बोट खटक्यावर होतं, ते दाबलं गेलं. आपण मुद्दाम दाबलं की दचकून, हे तिला नंतरही कधी नक्की सांगता आलं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या आकड्याच्या मध्ये खटका वाजला. यंत्रांच्या घरघरीत तो तिलाही ऐकू आला नाही. बारकीची किंकाळी मात्र ऐकू आली. पाच झाल्यावर मुकादमाने हात सोडला तेव्हा तळव्याची कातडी थोडी रोलरवर राहिली आणि पुढच्या चादरीवर तपकिरी डाग होऊन बाहेर आली. ती चादर त्याने पुन्हा धुवायला टाकली.

दुपारी त्याने अपघाताची वही धाकटीपुढे सरकवली. 'शिकाऊ कामगाराचा हात स्वतःच्या चुकीने रोलरला लागला.' खाली साक्षीदाराची जागा मोकळी होती.

"कर सही."

"दादा, डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नाही झालं तर बोटं वाकडीच राहतील तिची."

"मग? मी वाकडी केली?"

धाकटीने सही केली. ती त्याच्या घरात, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहत होती. मागे एकदा तिने उलट उत्तर दिलं होतं तेव्हा महिनाभर तिच्या डाव्या कानात शिट्टी वाजत होती. सहीचा अर्थ तिला पक्का ठाऊक होता. कारखान्यात रोजगार योजनेतून आलेल्या चाळीस बायका होत्या, सगळ्या शिकाऊ. चूक शिकाऊ बाईचीच ठरली की तिचं नाव कमी होई आणि उपचाराशी कारखान्याचा संबंध उरत नसे. महिनाअखेरीला प्रकरण मिटणार होतं. त्यानंतर बारकीची बोटं ही बारकीची बाब.

कॅमेरे दिले होते पाहणीच्या बाईंनी. कामाला लागल्यावर या बायकांचं खरंच बरं चाललंय का, हे त्यांना शोधायचं होतं. प्रश्नांची यादी वाचण्याऐवजी त्यांनी प्रत्येकीला सत्तावीस फोटोंचा एक कॅमेरा दिला. कामावर बरं वाटतं ते टिपा, वाटत नाही तेही टिपा, मग फोटो धुऊन आणू, मालकांसमोर भिंतीवर लावू आणि त्यावर तुम्हीच बोला, असं सांगितलं. चादरी घडी करणाऱ्या म्हातारीने, जिला सगळे घडीवाली म्हणत, त्यातले अकरा फोटो एका खुर्चीचे काढले. "बसायला मिळतं तेव्हा बरं वाटतं," ती म्हणाली. "याहून काय सांगू?"

फोटो आले तेव्हा बाईंनी धाकटीला बाजूला बोलावलं. पाकिटातला तो एक फोटो त्यांनी वेगळा काढून ठेवला होता. बारकीचा तळवा रोलरवर, मनगटावर मुकादमाची मूठ, बारकीचं तोंड उघडं. मुकादमाचा चेहरा अगदी समोर आणि स्वच्छ, ओठांवर हसू.

"हा दाखवायलाच हवा असं नाही," बाई म्हणाल्या. "दाखवायचा असेल तर चेहरा दिसणाऱ्या प्रत्येक माणसाला आधी फोटो दाखवून त्याची सही घ्यावी लागते. तो नियम मला मोडता येणार नाही. सही नसेल तर मी तो पाकिटात परत ठेवीन, आणि कुणाला त्याबद्दल बोलणारही नाही."

"डोकं कापलं तर त्याचं?" धाकटीने विचारलं.

"फोटोतलंच ना?" मागून घडीवाली म्हणाली.

बाईंनी आवाज खाली आणला. "घरी तुम्हाला काही होईल का?"

"होतच असतं," धाकटी म्हणाली आणि तिने दोन कोरे अर्ज घेतले.

बारकीने डाव्या हाताने सही केली. उजवा कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. फोटोकडे तिने पाहिलं आणि लगेच नजर भिंतीवर नेली.

दुसरा अर्ज धाकटीने तीन दिवस पिशवीत ठेवला. चौथ्या दिवशी संध्याकाळी दादा जेवून हात पुसत होता तेव्हा तिने फोटो त्याच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः दाराच्या बाजूला उभी राहिली. पळायला सोपं जावं म्हणून. वहिनी भांडी विसळत होती. तिने मान वळवली नाही.

दादाने फोटो दिव्याखाली धरला. धाकटी त्याच्या हाताकडे बघत होती. मूठ वळते का, अंगठा आत जातो का.

"कुणी काढला?"

"मी."

"झकास आलाय की." त्याने फोटो लांब धरून पाहिला, पुन्हा जवळ आणला. "असं शिकवावं लागतं एकेकीला हाताला धरून. मालकांना वाटतं मी नुसता फिरत असतो. आणि ही बघ, हसतेय बघ कशी."

धाकटी फोटोकडे बघत राहिली. उघडं तोंड, दिसणारे दात, बारीक झालेले डोळे. आवाज काढून घेतला तर ते हसूही असू शकत होतं. तो किंकाळी ऐकत होता त्या दिवशी, तिच्याहून जवळून. आणि तरीही त्याला हेच दिसत होतं.

"भिंतीवर लावणारेत," ती म्हणाली. "मालक येणारेत. मी त्याबद्दल बोलायचंय. तुझी सही लागेल."

"लाव की. जरा मोठा करून लाव म्हणावं." त्याने ऐसपैस सही ठोकली.

प्रदर्शन जेवणाच्या खोलीत होतं. मुकादम केस ओले करून, भांग पाडून आला आणि मालकांशेजारी छाती काढून उभा राहिला. बायका एकेक पुढे येऊन आपापल्या फोटोवर बोलल्या. खिडकी, वाफ, घडीवालीची खुर्ची. मालक मान डोलवत होते. मग धाकटीची पाळी आली. बाईंनी सगळ्यांना विचारलं तेच तिला विचारलं, "इथे काय चाललंय?"

"हा बारकीचा हात आहे," धाकटी म्हणाली. आवाज चिरकला म्हणून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. "हा बारकीचा हात आहे. मुकादमांनी तो रोलरवर धरला. पाच आकडे म्हणेपर्यंत. हा फोटो तीन आणि चारच्या मधला आहे. ती हसत नाहीये, ओरडतेय. वहीत तिची चूक लिहिलीय ते खोटं आहे. त्याखाली माझी सही आहे, तीही खोटी."

मुकादम आधी हसलाच. मग त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि हसू जागच्या जागी वाळलं. तीन ढांगांत तो तिच्यापाशी आला. पहिला फटका उलट्या हाताचा होता. तिचा ओठ दातांवर फाटला. दुसऱ्या वेळी त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. लाकडाचा आवाज झाला आणि त्यात दाताचा बारीक वेगळा आवाज. "माझ्या घरात खातेस," तो म्हणत होता, दर आपटण्याला एकदा, "माझ्या घरात खातेस." तिसऱ्यांदा डोकं खाली येताना कोणीतरी मध्ये हात घातला. ती घडीवाली होती. तिची दोन बोटं टेबल आणि कपाळ यांच्यात चिरडली. मग चारपाच जणी एकदम त्याच्या अंगावर पडल्या. एकीने त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला आणि तो ओरडून खाली बसला तरी तिने दात काढले नाहीत.

धाकटी जमिनीवर बसली होती. हनुवटीवरून रक्त छातीवर उतरत होतं.

"अहो, हे घरचं भांडण," मालक पाहणीच्या बाईंना म्हणाले. "बहीणभाऊ आहेत ते. घरी मिटवतील."

धाकटीने तोंडातला दात हातात घेतला, तेव्हा तिला बोलता आलं. "घरी तो भाऊ. इथे तो तुमचा मुकादम. मुकादमाने मला मारलं, तुमच्या डोळ्यांदेखत. यातही कुणी हसतंय का, सांगा."

मालकांनी खोलीभर नजर फिरवली. चाळीस बायका त्यांच्याकडे बघत होत्या. चावणारी अजून चावतच होती. पाहणीच्या बाईंनी फोनवर पोलिसांना पत्ता सांगायला सुरुवात केली होती, सावकाश, चौकासकट. मालक खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "त्या बारकीच्या हाताचं काय ते बघू." बाईंनी फोन कानाशी ठेवूनच त्यांच्यापुढे कागद सरकवला. "बघू नका, लिहा." त्यांनी लिहिलं: मुकादमाने हात धरला होता, चूक शिकाऊ कामगाराची नाही, ऑपरेशन कारखाना करील.

ओठाला चार टाके पडले. संध्याकाळी धाकटी दादाच्या घरी गेली ती कपडे घ्यायला. बारकीच्या खोलीत दुसरी खाट मावत होती. वहिनीने दार उघडलं, तिचं तोंड पाहिलं, आणि मग तिच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे पाहिलं.

"पोलीस घेऊन गेले," धाकटी जड ओठाने म्हणाली.

"किती दिवस?"

"माहीत नाही."

वहिनीने तिला आत घेतलं, दाराला आतून कडी घातली, ओढून पाहिली, आणि पहिल्यांदाच तिच्यावर चिडून म्हणाली, "किती दिवस ते विचारून यायचं ना गं."