मुक्या दरीची अट

जिल्ह्याच्या डोंगर बचाव पथकासाठी नव्या वॉकीटॉकी कोण पुरवेल, ते शोधायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा माझी लेक इलिंका नुकती रांगायला लागली होती. घरात ती तोंडात काय घालते ते बघायचं आणि कचेरीत पुरवठादार कागदावर काय घालतात ते बघायचं. दोन्हीकडे नजर हटली की काहीतरी गिळलं जाणार, अशी मला सारखी धास्ती.

मी निविदेत एक अट घातली होती: यंत्रणा मुक्या दरीतून चालवून दाखवायची. त्या दरीत फोन लागत नाही, आमच्या जुन्या वॉकीटॉकीही बंद पडतात. हिवाळ्यात याच पथकातला माझा नवरा कोद्रिन वाट चुकलेल्या दोघा पर्यटकांना शोधायला तिथे उतरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा शब्दही ऐकू आला नाही. तिघंही धडधाकट परत आले. कोद्रिननं आल्या आल्या सूप मागितलं. माझे हात मात्र त्यानंतर कितीतरी दिवस गार पडत होते.

"बाई, तुमच्या या अटीमुळे निम्मे पुरवठादार पळाले," पथकाचे प्रमुख आउरेलसाहेब म्हणाले. "उरलेले दोघंही नापास झाले तर अट काढायची आणि मिळेल ते घ्यायचं. कबूल?"

कबूल म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

मे महिन्यातला एक कोरडा दिवस बघून मी चाचणी ठरवली. हवामान बघितलं, रस्ता बघितला, पूल बघितला. गावात कुणाला विचारलं नाही तेवढं. मेंढ्या कुरणावर चढवायचा आणि घरोघरच्या मेंढ्यांचं दूध मोजून चीजचे वाटे ठरवायचा दिवस कुठे छापलेला नसतो. गवत किती वाढलंय ते बघून मेंढपाळांचा मुखिया ग्लिगोर आदल्या रविवारी चर्चच्या दारात सांगतो. त्या रविवारी इलिंकाला ताप होता, मी गेलेच नव्हते.

चाचणीच्या दिवशी पुलापाशी पोहोचले तर डोंगराच्या रस्त्यावर मेंढ्याच मेंढ्या. त्यात दोन्ही पुरवठादारांच्या गाड्या रुतून बसलेल्या. सासूबाई इलिंकाला कडेवर घेऊन जत्रेला आल्यासारख्या उभ्या होत्या.

"अगं स्मारांदा, गावची सून ना तू? आजचा दिवस कुणी धरतं का?"

"तुम्ही तरी सांगायचं होतंत, आई."

"मला वाटलं, शिकलेली आहेस, मुद्दामच धरला असशील."

पुरवठादारांपैकी एक, क्लुज शहरातून आलेले होर्तेन्सिऊ, गाडीची काच खाली करून ग्लिगोरला म्हणाले, "काका, या मेंढ्या कधी हलणार?"

"आज वर जातात," ग्लिगोर म्हणाला. "पानगळीत उतरतात."

आवाज पकडून पुढे ढकलणारी पेटी, म्हणजे रिपीटर, दोघांनाही वर डोंगराच्या धारेवर न्यायची होती. कोद्रिन तर पहाटेच दोघांच्या एकेका वॉकीटॉकीसह दरीच्या तळाशी जाऊन बसला होता. आउरेलसाहेबांनी घड्याळ बघितलं आणि मग माझ्याकडे.

"गाढवं जातायत की वर," ग्लिगोर म्हणाला. "मिठाची पोती जरा सरकवतो."

"आमचं यंत्र गाढवावर बसत नाही," होर्तेन्सिऊ म्हणाले.

"गाढवालाही काही हौस नाही, साहेब."

दुसऱ्या पुरवठादार, सुचावा शहरातून आलेल्या वेतुरियाबाई, गाडीतून उतरल्याही होत्या. जाड चष्मा, पायात रबरी बूट. "यातलं शांत कोणतं?"

"शांत हवं असेल तर चित्रातलं घ्या. हे चावतं, पण पाडत नाही."

त्यांनी पेटी लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून स्वतः बांधली, दोर दोनदा ओढून बघितला. मी कुठेही जाताना इलिंकाच्या टोपीची नाडी अशीच ओढून बघते. ते पाहून होर्तेन्सिऊही मुकाट्यानं डिकी उघडायला गेले.

ते दोघं वर पोहोचेपर्यंत खाली दूध काढणं सुरू झालं. आउरेलसाहेबांना कुणीतरी मक्याची गरम लापशी आणि चीज दिलं, त्यामुळे ते जरा मवाळ झाले. पुलाच्या कठड्यावर मी दोन वॉकीटॉकी शेजारी शेजारी मांडून बसले.

पहिली पाळी होर्तेन्सिऊंची. धारेवरून त्यांचा आवाज खणखणीत आला. मग मी कोद्रिनला हाक मारली. नुसती खरखर. पुन्हा हाक, पुन्हा खरखर. होर्तेन्सिऊ नकाशावर जी जागा ठरवून आले होते, तिथून दरीचा तळ दिसतच नव्हता.

"एक गेला," आउरेलसाहेब बोटं चाटत म्हणाले.

वेतुरियाबाईंचा निरोप आला, "मी अजून पुढे जातेय. पुलाकडचं आणि दरीतलं, दोन्ही दिसेल अशी जागा हवी. गाढव नको म्हणतंय." मग बराच वेळ काहीच नाही. सासूबाई इलिंकाच्या मुठीतून गवत काढत होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

"आता हाक मारा," वेतुरियाबाईंचा आवाज आला.

"कोद्रिन, मी बोलतेय. ऐकू येतंय का?"

खरखर झाली. थांबली.

"येतंय," कोद्रिन म्हणाला, अगदी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. "इथे फार थंडी आहे. मला चीज ठेवलंय का?"

आउरेलसाहेबांनी ताटली खाली ठेवली. "झालं तुमचं समाधान? लिहा पास."

"एकदा ऐकू येणं म्हणजे चाचणी नव्हे, साहेब," मी म्हणाले आणि बटण पुन्हा दाबलं. "कोद्रिन, नीट कळलं नाही. परत सांग."

"चीज," तो म्हणाला. "चीज ठेवलंय का?"

"अजून एकदा."