छत्तीसांतली अकरा दानं

मी एक जुना बॅकगॅमनचा पट आहे. मित्रांनो, मिटलो की मी साधी पेटी दिसतो. उघडलो की पोटात चोवीस त्रिकोणी घरं. खेळ सोपा आहे. फासे टाकायचे आणि पडेल त्या दानाने आपल्या पंधरा सोंगट्या घरी आणून समोरच्याआधी पटाबाहेर काढायच्या. मात्र वाटेत एकटी सोंगटी सापडली, तर ती मारली जाते. मग बिचारीला पुन्हा पहिल्यापासून प्रवास!

एका सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं आणि एका घड्याळजींनी विकत घेतलं. त्यांच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की समोरच्या शिवणाच्या दुकानातून त्यांच्या विहीणबाई यायच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या सासूबाई. माझी एक काळी सोंगटी हरवली, तेव्हा त्यांनीच ओव्हरकोटाचं बटण आणून तिची जागा भरली.

दोघं खेळायला तोडीस तोड. जमायचं नाही ते एकाच गोष्टीवर: थोर खेळाडू कशाने होतो? घड्याळजी म्हणायचे, हिशेबाने. दोन फाशांची दानं छत्तीस. त्यांतली आपल्या बाजूची किती, हे ज्याला चटकन कळतं तो थोर. विहीणबाई म्हणायच्या, हिशेब काय, कोणीही शिकेल. दानं उलटी पडत असताना ज्याला धीर धरून थांबता येतं, तो थोर. वाद रंगायचा, चहा गार व्हायचा, आणि मी मनातल्या मनात दोघांनाही मान डोलवायचो.

मग गावाच्या क्लबने ठरवलं की बंदराच्या शहरातल्या मोठ्या स्पर्धेला या दोघांपैकी एकालाच पाठवायचं. त्यांनी आपसांत खेळावं, जिंकेल तो जाईल. झालं, वादाला धार चढली. एके दुपारी शब्दाने शब्द वाढला आणि घड्याळजी बोलून गेले, "विहीणबाई, हे काही कापड कापणं नव्हे, अंदाजपंचे कात्री चालवायला."

तीनदा माप घेतल्याशिवाय कात्री न लावणारी ती बाई. उठली आणि गेली.

तीन आठवडे मी कपाटात मिटून पडलो. बिजागरीला गंज चढला, पोटातल्या कापडाला कुबट वास येऊ लागला. लेकीची तर पंचाईतच: इकडे वडील गप्प, तिकडे सासूबाई. शेवटी एका सकाळी घड्याळजींनी मला काढून पुसलं, बिजागरीला घड्याळाचं तेल घातलं आणि काखेत मारून रस्ता ओलांडला.

"माझं मत अजून तेच आहे," शिवणयंत्राशेजारी उभे राहत ते म्हणाले. "पण तुमच्या कामाला नावं ठेवली, ते चुकलं माझं."

विहीणबाईंनी दातातला दोरा तोडला. "मत बदलून आला असतात, तर खेळायला मजा काय उरली असती? बसा."

निर्णायक डाव तिथेच, कापडाच्या तुकड्यांत झाला. घड्याळजी खूप पुढे होते. विहीणबाईंच्या दोन सोंगट्या मात्र घड्याळजींच्या घरात ठाण मांडून बसलेल्या. अखेर घड्याळजींना एक सोंगटी एकटी सोडावी लागली. त्यांनी हिशेब करून अशी जागा निवडली, की ती मारायला विहीणबाईंना एकाच आकड्याची गरज होती: एक. छत्तीसांतली अकराच दानं वाईट. फासे माझ्या अंगावर खडखडले. एकावर चार, दुसऱ्यावर एक.

ती सोंगटी मारली गेली आणि घड्याळजी हरले. दारात उभी लेक दोघांकडे बघत होती.

"तुमची चाल बरोबर होती," विहीणबाई म्हणाल्या. "हिशेबात तुम्हीच सरस. माझं नुसतं नशीब."

"नशीब कसलं? हरत असतानाही त्या दोन सोंगट्या तुम्ही हलवल्या नाहीत. याला धीरच लागतो."

"धीर कसला, हिशेब म्हणा!"

"अहो, धीर!"

लेक हसत सुटली. "म्हणजे आता बाजूंची अदलाबदल?"

स्पर्धेला विहीणबाई गेल्या, आणि घड्याळजी सोबत. तिसऱ्या फेरीत त्या हरल्या. का हरल्या, यावर परतीच्या प्रवासभर मला मांडीवर उघडून दोघांची चर्चा चालली होती. एकमत अर्थातच झालं नाही.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा पट तुमच्या घरी असेल, तर त्याला पुसा, बिजागरीला तेल द्या, सोंगट्या मोजून ठेवा. आणि भांडायचं ते खुशाल मतावरून भांडा, माणसावरून नको. कारण एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे: खेळायला समोर कोणीतरी बसावं लागतं.