उजव्या गायकाची डावी ग्रंथी

आमच्या देवळात दोन गायक. उजवीकडे उभा राहतो तो प्रोद्रोमोस, डावीकडे मी, अनेस्तिस. चाळीस वर्षं तो स्तोत्रं गातोय आणि मी खाली एकच सूर धरून उभा आहे. त्याचा आवाज असा खणखणीत, की एकदा त्याने नुसतं ‘आमेन’ म्हटलं आणि खाडीत नांगरलेल्या जहाजाने उलट भोंगा दिला. पटत नसेल त्याने जहाजाला विचारावं.

त्याच्या घशात उजव्या बाजूला गाठ निघाली. शहरातल्या कालिरोई डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेहतीस दिवस किरणं घ्यायची, गाठ जाईल. जगण्यामरण्याचं सोडून प्रोद्रोमोसने एवढंच विचारलं, की गाता येईल का? बाई सरळ बोलणाऱ्या. गळा गातो लाळेवर, म्हणाल्या, आणि ती तयार करणाऱ्या सगळ्यांत मोठ्या ग्रंथी दोन, दोन्ही कानांपाशी एकेक. उजवी गाठीच्या शेजारीच आहे, तिचा भरवसा नाही. डावी मात्र वाचवायचा प्रयत्न करू. पडद्यावर त्यांनी रंगीत चित्र दाखवलं. किरणांचा लाल रंग डाव्या ग्रंथीपाशी येऊन असा वळसा घालून गेला होता, जसा आमचा घाटरस्ता मध्ये आलेल्या छोट्या देवळाला घालतो.

“म्हणजे माझं गाणं आता डाव्याच्या हातात,” प्रोद्रोमोस माझ्याकडे बघत म्हणाला. “चाळीस वर्षांत डाव्याला एक सूर धड धरता आला नाही.”

मग कोमट पाण्यातून काढलेली मऊ प्लॅस्टिकची जाळी त्याच्या तोंडावर दाबून मुखवटा बनवला. तो चढवून डोकं रोज टेबलाला जखडायचं, म्हणजे किरणं केसभरही चुकत नाहीत.

आता तेहतीस आकडा ऐकून आमच्या माणसाला ख्रिस्ताच्या आयुष्याची वर्षं आठवणारच. त्यात उपचार सुरू झाले ते नेमके ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात. प्रोद्रोमोस घशाचा वाली जो संत व्लासिस, त्याला नवस बोलला: ग्रंथी वाचव, सगळा उपास कडक करीन, दूध नाही, अंडं नाही, तेलाचा थेंब नाही. मीही, दुखऱ्या अवयवाच्या आकाराचा वाहतात तसा, एक चांदीचा पत्रा वाहिला. सोनाराकडे हात, पाय, डोळे तयार होते, लाळग्रंथी नव्हती. बारीक द्राक्षांच्या घोसासारखी असते म्हटल्यावर त्याने घोस कोरून दिला. संताचा काहीतरी गैरसमज झाला असावा, कारण त्या वर्षी माझ्या लगडलेल्या द्राक्षवेलींना आधार द्यायला गावातल्या शिड्या पुरल्या नाहीत.

रोज मीच त्याला माझ्या गाडीतून न्यायचो. त्याची बायको एव्हान्थिया अंडं-लिंबू घातलेलं कोंबडीचं सूप थर्मासमध्ये भरून माझ्या हाती द्यायची, कारण त्यांच्या लग्नात दोघांच्या डोक्यांवर मुकुट मी धरले होते, म्हणजे लग्नाचा जामीनच मी, आणि तिचा माझ्यावर विश्वास होता. प्रोद्रोमोस थर्मास परत माझ्याकडे सरकवायचा. “पी. सांडलं तर पाप लागेल.” तिला कळता कामा नये, अशी शपथही घातली. सूप फार चांगलं व्हायचं. मी प्यायचो.

चौथ्या आठवड्यात मुखवटा चढवणाऱ्या मुलीची दोन बोटं जाळी आणि गालाच्या मध्ये सहज गेली. तिने यंत्र सुरूच केलं नाही, बाईंना बोलावलं. वजन केलं तर सात किलो कमी. बाईंनी विचारलं, खाता काय? तो म्हणाला, सूप. मी भिंतीकडे बघायला लागलो. बाईंनी माझ्या सदऱ्याच्या ताणलेल्या बटणाकडे पाहिलं, तेव्हा मी खरं काय ते सगळं ओकलो.

बाईंनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

“बार्बा,” त्या म्हणाल्या, म्हाताऱ्यांना आम्ही असंच हाकारतो, “मी वळसा काढला तो तुमच्या तेव्हाच्या गालाला धरून. गाल आटला आणि ग्रंथी आत सरकली. आता ती रस्त्यात उभी आहे. जिच्यासाठी उपास धरलात, तिलाच तुम्ही किरणांपुढे ढकलताय.”

 मी आमच्या देवळाचे पाद्री पापा-लाझारोस यांना फोन लावला. आजाऱ्याला उपास माफ असतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, असं म्हणत त्यांनी आम्हा दोघांनाही झापलं. तरी प्रोद्रोमोस अडूनच. शब्द पाद्रीबाबांना दिलेला नाही, म्हणे, संताला दिलाय. आणि नवस मोडल्यावर ग्रंथी गेली, तर मी कुणाला तोंड दाखवू?

तेव्हा मी म्हणालो, “तुझ्या लग्नात जामीन मी राहिलो. हा नवसही माझ्यावर टाक.”

“तू? तुझ्या तोंडाला गुड फ्रायडेलासुद्धा सॉसेजचा वास येतो.”

“तुझे सात किलो माझ्या अंगावर आहेत. ते मी संताला परत करतो. तू सूप पी, गाढवा.”

त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि थर्माससाठी हात पुढे केला. घसा आतून सोलवटला होता. एकेका घोटाला त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. कप मी धरून होतो, म्हणून मला माझे पुसता आले नाहीत.

नवं चित्र, नवा मुखवटा, नवा वळसा झाला. मी बिनतेलाचे घेवडे खात राहिलो. एकदाच चोरून चीजचा तुकडा तोंडात टाकला, तर गाडी तीन दिवस सुरू झाली नाही.

ईस्टरला प्रोद्रोमोस खुर्चीवर बसून होता, तोंडात नुसती वाळू. दोन्ही बाजू मी गायलो. लोकांनी इतकी मनापासून प्रार्थना कधीच केली नव्हती. ती लवकर संपावी म्हणून. बाई म्हणाल्या होत्या, लाळ यायला महिने लागतील, कदाचित पूर्ण येणारही नाही. उन्हाळा गेला, द्राक्षं उतरली. तो पाण्याची बाटली खिशात घेऊन फिरायचा आणि भाकरी भिजवून खायचा.

फेब्रुवारीत संत व्लासिसचा सण आला. तो उजवीकडे उभा राहिला, बाटली पायाशी ठेवली आणि गायला. आवाज जरा खरखरीत होता, पण त्याचाच. पोथीचं पान संपलं. त्याने अंगठा जिभेला लावला, पान ओल्या अंगठ्याला चिकटलं आणि उलटलं. त्याच्या ते ध्यानातही आलं नाही. मी मात्र बघत राहिलो आणि माझा सूर कुठल्या कुठे गेला.

“डावीकडच्या,” भर पूजेत तो पुटपुटला, “झोपलास का?”